मूठ

आमची गिरणी अशोक चौकाच्या मागच्या बोळात.
गिरणी म्हणजे पिठाची.
सोलापुरात हे सांगावं लागतं,
नुसतं गिरणी म्हटलं की म्हातारी माणसं
बंद भोंग्याच्या दिशेनं बघतात.

पट्ट्याच्या आड, कोपऱ्यात, एक पत्र्याचा डबा.
वनस्पती तुपाचा, पंधरा किलोचा.
अप्पांनी तो कधी ठेवला, ठाऊक नाही.
मी मोजायला शिकले तेव्हा तो होताच.
दळायला आलेलं माणूस जाता जाता
एक मूठ जोंधळे त्यात टाकतं.
ज्याच्या घरी दळायलाच काही नाही
ते पिशवी घेऊन येतं, डब्यातून काढतं,
रांगेत उभं राहतं, दळून नेतं.
हे कुठं लिहिलेलं नाही.

मुद्दा आवाजाचा आहे.
गिरणी चालू असली की मागितलेलं ऐकू येत नाही,
टाकलेलंही.
आणि पीठ सगळ्यांच्या भुवयांवर सारखंच बसतं.

अनसव्वा गुंडेटी विड्या वळायची.
हजार वळल्या की त्यातल्या शंभर छाट:
पान फाटकं, तंबाखू कमी, दोरा सैल.
छाट गेल्यावर उरलेली मजुरी कनवटीला लावून
ती गिरणीत यायची.
पदराची गाठ सोडून आधी एक मूठ टाकायची,
मग त्याच डब्यातून दोन शेर काढायची.
मला वाटायचं, हिला हिशेब येत नाही.
एकदा अप्पांना विचारलंच,
नेणारच आहे तर टाकते कशाला?
अप्पा म्हणाले, "पट्टा धर."

एका साली कुठल्याशा मंडळाचे लोक आले,
क्विंटलभर गहू, आणि गव्हाहून लांब फ्लेक्स.
अप्पांनी गहू उतरवून घेतला,
"जोंधळे असते तर बरं झालं असतं," म्हणाले.
मग त्यांनी लाभार्थ्यांची यादी मागितली.
अप्पांनी गिरणी चालू केली.
ते बराच वेळ तोंड हलवत उभे होते.
फ्लेक्स पुढं उंदरांसाठी डब्यावर झाकायला लागला,
पुढाऱ्याच्या हसण्याची बाजू आत.

आता अप्पा नाहीत. पट्टा मीच चढवते.

परवा, वैशाखातल्या भर दुपारी,
पत्रा तापून टणटण वाजत होता,
रांगेत पाच-सहा माणसं,
आणि एक पोरगा, अंगात कुठल्यातरी कंपनीचा
घरपोच डिलिव्हरीचा लाल टीशर्ट,
डब्यात कोपरापर्यंत हात घातलेला.
लाईट गेली.

गिरणी हळूहळू थांबते, एकदम नाही.
शेवटचा फेरा संपला
आणि सगळ्यांना ऐकू आलं
त्याच्या ओंजळीतून पिशवीत पडणाऱ्या जोंधळ्यांचं.
त्याचा हात तिथंच थबकला.
पुढंही नेईना, मागंही घेईना.
मला काही सुचेना.
मी उगीच खटका वर-खाली करत राहिले.

तेवढ्यात अनसव्वा भडकली.
आता तिला नीट दिसत नाही, नातवाचा खांदा धरून येते,
पण आवाज कारखान्याच्या दारातला.
"मागच्या खेपेला जाड दळलंस गं! भाकरी थापता येईना!"
निम्मं मराठीत, निम्मं तेलुगूत,
माझ्या अप्पांपासून माझ्या चाळणीपर्यंत
सगळं काढलं तिनं.
रांगेतल्या मल्लिनाथ हत्तुरेंना काय वाटलं कोण जाणे,
ते कन्नडमधून तिच्या बाजूनं ओरडायला लागले.
मग शांतामावशी: माझ्या बाजरीत गहू आला होता.
मग कोणी सुट्ट्या पैशावरून,
कोणी गेल्या दिवाळीतल्या भाजणीवरून.
एवढा गलका, की बोळातलं कुत्रं उठून गेलं.

पोरग्यानं पिशवी भरली.
रांगेत शेवटी येऊन उभा राहिला,
मान खाली,
टीशर्टावर थोडं पीठ.

अनसव्वाचं दळण मी कधीच जाड काढलेलं नाही.
दात नाहीत तिला, मला माहीत आहे,
तिच्यासाठी जातं मी दोनदा कसते.
तरी लाईट येईपर्यंत मी म्हणत राहिले,
चुकलं अव्वा, चुकलं,
ओरडून, ओरडून.